माझ्या पाठीमागची भिंत

मी बोलतोय, पण पाठ भिंतीला लावून. वळून दाखवता आलं असतं तर बोलायची वेळच आली नसती. मी एक लाकडी कपाट आहे. दोन दारं, चार फळ्या, खाली एक खण, आणि वजन एवढं की मला हलवायचं नाव काढलं तर धडधाकट माणसालाही आपली कंबर आठवते.

माझा जन्म याच खोलीत झाला. सुताराने फळ्या इथेच आणल्या, इथेच रंधा मारला. "मास्तर, तुमच्या नातवंडांनाही पुरेल हे कपाट," असं म्हणून त्याने अंगावरचा भुसा झटकला आणि तो गेला. पुढे दाराच्या चौकटीला वाळवी लागली. नवी चौकट बसवली, ती वीतभर अरुंद. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही, पण मला त्याच दिवशी कळलं, की आता आपण या खोलीतून बाहेर जात नाही.

त्याचं दुःख तेव्हा नव्हतं. मी कोरड्या भिंतीशी उभा होतो, सकाळचं ऊन अंगावर यायचं. मास्तरीणबाई रोज माझं दार उघडायच्या आणि काय घ्यायला आलो होतो ते विसरून तशाच उभ्या राहायच्या. माणसांचं हे मला फार आवडतं. विसरतात, आणि दोष मात्र कपाटाला देतात.

दुखणं होतं समोरच्या भिंतीला. तिच्या पलीकडे शेजाऱ्याचं न्हाणीघर. तिथला नळ भिंतीच्या आत कुठेतरी गळतो. आधी हाताएवढी ओल आली, मग रंगाचे पोपडे निघाले, मग काळी बुरशी. मास्तर शेजाऱ्याकडे खेटे घालून थकले. तो "बघू" म्हणतो आणि दार लावून घेतो. इकडे मास्तरीणबाईंना खोकला जडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "औषधं देतो, पण आधी ते घर सोडा."

घर सोडायचं तर विकायला हवं, आणि विकायचं तर ती भिंत कुणाला दिसता कामा नये. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मुलगा दोन दिवसांसाठी आला तेव्हा बापलेकांनी माझ्या पायांखाली गोणपाट घातलं आणि मला ओढत नेऊन त्या भिंतीला चिकटवलं. तीस वर्षं मुलांचे कान पिळून 'खरं बोल' म्हणणारे मास्तर त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हते. ओल हळूहळू माझ्या पाठीत शिरली. पाठची फळी आतूनही काळी पडली. ती दिसू नये म्हणून मास्तरांनी चादरींच्या चळती लावायला सांगितल्या. वर म्हणाले, "रिकामं कपाट उदास दिसतं."

गेल्या रविवारी सकाळी घर बघायला मायलेकी आल्या. लेकीचं इस्त्रीचं दुकान आहे. बाई चौकस. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून-लावून बघितल्या, फरशीवर टाच आपटून बघितली. आई जिना चढून दमली होती. ती या खोलीत पलंगावर बसली आणि पिशवीतून श्वासाचा पंप काढला.

"ही खोली आईला देईन," लेक म्हणाली. "दमा आहे तिला. इथे ऊन चांगलं येतं."

मास्तरीणबाईंनी म्हातारीपुढे पाण्याचा पेला ठेवला. मास्तर म्हणाले, "हवा छान खेळती आहे. हे कपाटही तुम्हालाच ठेवून जातोय."

त्या म्हातारीचा पलंग माझ्यापासून दोन हातांवर येणार होता. मला ओरडावंसं वाटलं. पण कपाटाने ओरडायचं म्हणजे करकरायचं, आणि करकरलं की माणसं तेल आणतात.

लेकीने माझं दार ओढलं. ते फुगलं होतं, दोनदा अडलं. मग तिने चळतीत खोलवर हात घातला, अगदी मागची चादर ओढली आणि गालाला लावली.

"काकू, या चादरी न वाळवताच ठेवल्यात का?"

"छे गं, कडक उन्हात वाळवल्यात," मास्तरीणबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

"मग दमट कशा? रोज शंभर चादरींवरून हात फिरतो माझा. पुढची कोरडी आहे, पाठीकडची ओली."

"हवाच दमट आहे सध्या," मास्तर घाईने म्हणाले.

"काका, खिडकीतला टॉवेल तर कडकडीत वाळलाय. जरा सरकवूया का कपाट?"

"फार जड आहे हो. फरशी फुटेल."

"राहू दे गं," आई म्हणाली. "किती संशय घेशील! चांगली माणसं आहेत."

तेवढ्यात मास्तरीणबाईंना खोकल्याची उबळ आली. भिंतीला धरून त्या वाकल्या, डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी उठून त्यांची पाठ चोळू लागली.

"तुम्हालाही दमा आहे का हो?"

मास्तरीणबाईंनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पूर्वी नव्हता," त्या म्हणाल्या.

लेकीने चादर घडी मोडू न देता परत ठेवली आणि आईचा हात धरला. "चल आई." दोघी जिना उतरून गेल्या.

मास्तर पलंगावर टेकले. "तुला इथून बाहेर काढायचं म्हणून तर करतोय ना हे सगळं?"

"ठाऊक आहे मला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण ती बाई माझ्या जागी झोपणार होती."

मास्तरांनी चादरी काढून घेतल्या, मला कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "जपून ठेव. येत्या रविवारी दुसरी माणसं येतायत, तान्हं बाळ आहे त्यांचं. विचारलं तर सांग, हरवली."

आता मी रिकामा आहे, बंद आहे, आणि भिंत मला रोज थोडी थोडी खाते. मला मास्तरांचा राग येत नाही. पण तुम्ही कुठेही घर बघायला जाल तेव्हा जड कपाटाला नुसतं 'छान' म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्या पाठीमागे हात घाला, दार अडलं तर ओढा, कुलूप असेल तर किल्ली मागा.

इथे तर मागायचीही गरज नाही. मास्तर अंघोळीला गेले तेव्हा मास्तरीणबाईंनी ती दाराच्या चौकटीशेजारी, आत येणाऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर, खिळ्याला अडकवून ठेवली आहे.