उलटा खांब

सूर्यभानने चौथ्या खांबाला कान लावला आणि तासायच्या वाकसाची मागची बाजू हलकेच ठोकली. लाकूड वरपासून खालपर्यंत एकसारखं घुमलं. बाकीच्या तिघांना ओलीने आणि वाळवीने थोडाथोडा प्रसाद दिला होता. हा मात्र रोवला त्या दिवसासारखा खणखणीत होता. गुणी बैलाला थोपटावं तसा त्याने खांब थोपटला आणि बराच वेळ हात तिथून काढला नाही.

जानराव पाटलाच्या घराच्या मागच्या ओसरीचे हे खांब त्याच्या बापाने, नत्थुजी सुताराने रोवले होते. मेळघाटातलं सागवान, तासून चौकोनी केलेलं. झाड रानात जसं उभं होतं तसाच खांब घरात उभा राहिला पाहिजे, बुंधा खाली आणि शेंडा वर, हा सुतारांचा धर्म. उलट्या खांबाच्या घरात वंश टिकत नाही, गोठा भरत नाही, असं अख्खं वऱ्हाड मानत होतं. आता तासलेल्या लाकडाचा बुंधा कुठला नि शेंडा कुठला, हे येरागबाळ्याला कळत नाही. गाठींचा रोख पाहावा लागतो. नत्थुजीने जन्मात एक खांब उलटा रोवला नाही, म्हणून अकोल्यात कुठे नवं घर उठो की लग्नाचा मांडव, पहिली मेढ रोवायची सुपारी याच घराण्याला यायची. सूर्यभानची बायको गेली होती, पोर जगलं नव्हतं. बापाचं एवढं नाव त्याच्यापाशी उरलं होतं आणि तो ते जिवापाड जपत होता.

त्या दिवसांत अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला होता. सातासमुद्रापार गोरे आपसांत लढत होते आणि इकडे वऱ्हाडात लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवत होते. कालपर्यंत जोंधळ्याच्या कण्या खाणारा आज तुपाशिवाय जेवत नव्हता. धडधाकट हात सगळे गठ्ठे बांधायला, गाड्या हाकायला नाही तर रेल्वेच्या कामावर निघून गेले होते. जुन्या घराची डागडुजी करायची म्हटली तर मोर्णा नदीच्या काठाला दोघेच म्हातारे उरले होते. लाकडाला सूर्यभान आणि चुन्याच्या गिलाव्याला वली. जानराव पाटलाने दोघांनाही आणून बसवलं होतं, कारण वैशाखात पाटलाचं दुसरं लग्न होतं आणि वरूडची नवरी यायच्या आत त्याला घर लखलखीत हवं होतं.

"भाऊ, तो खांब तेवढा बदलू नोका."

पाण्याचा तांब्या घेऊन मैनाबाई उभी होती. जानरावच्या थोरल्या भावाची ही विधवा. लग्नाच्या वर्षातच तिचं कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून ती या मागच्या ओसरीवरच असायची. सूर्यभानने पाहिलं, चौथ्या खांबाला बसत्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर एक गुळगुळीत चकाकी आली होती. तिच्याच बाजूला एक वर आलेली गाठ होती, वाटीएवढी, आणि तीही हात लागून लागून काळी झाली होती. दुपारभर इथे टेकून बसायचं आणि उठताना त्या गाठीचा आधार घ्यायचा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बदलतो कायले, बाई? हा अजून शंभर वर्सं हालत नाई. तुमची बसाची जागा हाय वाटते."

"हाय नोका म्हनू, भाऊ. होती म्हना. मले हिवरखेडले धाडून राहिले. वावरातल्या खोपडीत."

"काहून?"

"वरूडच्या सोयऱ्याईनं बोली केली हाय. नवरी उंबरठ्यात याच्या आत पांढऱ्या पायाची बाई घरातून गेली पाह्यजे."

सूर्यभान पाणी प्यायला. मोठ्या कष्टाने विचारलं, "तुमी काई म्हनलं नाई?"

"काय म्हनू? मी आली अन् हे गेले. मंग बैल गेले. मंग जमुना गेली, बाळंतपनात." जमुना म्हणजे जानरावची पहिली बायको. मैनाबाईने रिकामा तांब्या घेतला. "पयले मले राग ये. आता मलेच खरं वाटते."

तिने हे रडत सांगितलं असतं तर सूर्यभान हळहळला असता आणि कामाला लागला असता. पण डाळीत मीठ जास्त झालं सांगावं तशी ती बोलली आणि आत निघून गेली. त्याला फार वाईट वाटलं. दिवसभर रंधा नीट चालला नाही. रात्री घरी भाकरी थापायला बसला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याशी इतकं बोलणारं माणूस कित्येक महिन्यांत भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जानराव कामावर नजर टाकायला आला. हातात सोन्याचं कडं, डोक्यावर नवीकोरी पगडी, आणि पगडीच्या कडेला कापसाचा एक चुकार पुंजका.

"काय सूर्यभानजी, आटोपून राहिलं का नाई?"

सूर्यभान उठून उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं.

"मालक, एक सांगाचं हाय. हा चौथा खांब उलटा हाय."

जानरावचा हात कड्यावरच थांबला. भिंतीपाशी चुना मळणाऱ्या वलीचेही हात थांबले.

"हा तं तुमच्या बापानं रोवला ना हो?"

"व्हय. माह्याच बुढ्यानं."

"पाहून बोला. नत्थुजीचा हात होता तो."

"हात मान्साचाच होता, मालक. चुकला."

घराच्या कामात सुताराचा शब्द म्हणजे जोशाचा शब्द. शिवाय बापाची चूक कोणी उगाच ओढवून घेत नाही. जानरावने खांबाकडे वरून खाली पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर एकेक मढं येऊन गेलं असावं.

"म्हंजे दादा, बैल, माही जमुना... हे सारं या खांबापायी?"

"मी काई जोशी नाई. पन उलटा हाय, येवढं मले समजते."

जानराव मटकन ओट्यावर बसला. मग त्याने नत्थुजीच्या नावाने जे तोंड सोडलं ते सोडलंच. मेलेल्या माणसाची त्याने सात पिढ्यांपर्यंत उजळणी केली. सूर्यभान मान खाली घालून ऐकत होता. दाराआड बांगड्या नसलेला एक हात चौकटीवर टेकलेला दिसत होता, आणि तो तिथून हलला नाही. अखेर पाटील दमला. त्याच दाराकडे पाहून तो म्हणाला, "अन् आमी वड्याचं तेल वांग्यावर काढलं इतकी वर्सं." मग त्याने पगडी सारखी केली.

"सुलटा करा तो खांब. वरूडले मी आजच मानूस धाडतो. दोष सापडला म्हना, आता कोनाले कुठी धाडाचं काम नाई."

खांब काढायच्या दिवशी सूर्यभानने घरच्या सगळ्यांना पुढच्या अंगणात पाठवलं. खांब आडवा असताना घरच्यांनी तो पाहू नये म्हणाला. असा काही रिवाज नव्हता, पण एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. तुळईखाली धिरे दिले, पाचरी ठोकल्या, आणि दोघा म्हाताऱ्यांनी मिळून खांब दगडी तळखड्यातून उपसला आणि जमिनीवर आडवा निजवला.

वली खांबाच्या टोकाशी उकिडवा बसला. तिथलं लाकूड बिब्ब्याच्या तेलाने काळं झालं होतं. नत्थुजी वाळवी लागू नये म्हणून खांबाच्या बुंध्याला बिब्बा चोळायचा. नुसत्या बुंध्याला, शेंड्याला कधीच नाही. हे अकोल्यात ज्या दोन-चार जणांना ठाऊक होतं, त्यांत वली होता.

"भाई," तो हळूच म्हणाला, "बुंधा तं खालीच होता."

"दार लाव, वली."

वलीने त्याच्याकडे पाहिलं. दाढीत अडकलेला चुना झटकला, उठला आणि दार लावलं.

सूर्यभानने खांबाच्या चारी बाजूंवर रंधा मारला. इतक्या वर्षांची काजळी गेली, तेलाचे थर गेले, पाठीची चकाकीही गेली; कठीण गाठ तेवढी थोडी वर राहिली. आतून मधाच्या रंगाचं सागवान निघालं. भुशाचा वास त्याच्या ओळखीचा होता. बाप घरी यायचा तेव्हा त्याच्या धोतराला हाच वास असायचा. त्याला भडभडून आलं आणि वलीसमोर त्याने ते लपवलं नाही. वली गुळाचं पाणी घातलेला चुना घोटत राहिला.

संध्याकाळपर्यंत खांब उभा राहिला. तळखड्याभोवतीची फट वलीने चुन्याने बुजवली आणि गारगोटीने इतकी घोटली, की खांब तिथे उगवलाय असं वाटावं. जानरावने येऊन पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि नारळ फोडला.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे न फिरलेल्या घराने सूर्यभानचे वासे फिरवले. बाजारात बभ्रा झाला. पोरंसोरं त्याला 'उलटा खांब' म्हणू लागली. लगीनसराई ऐन भरात आली, तरी मेढ रोवायची एक सुपारी त्याच्या दारात आली नाही. तो रोज सकाळी धोतर झटकून, पटका बांधून ओट्यावर बसायचा आणि ऊन चढलं की आत जायचा.

जानरावच्या अंगणात मांडव घातला त्या दिवशी तो आपली राहिलेली हत्यारं आणायला गेला. अमरावतीहून आणलेला एक जवान सुतार मेढ रोवत होता. पोरगा टेकवतोय कसा हे पाहायला सूर्यभान सवयीने दोन पावलं पुढे झाला.

"तुमी राहू द्या, सूर्यभानजी," जानराव म्हणाला. तो वाईट बोलला नाही, उलट नरमाईनेच बोलला. "शुभाचं काम हाय आज. तुमी मांगं जाऊन बसा."

सूर्यभान मागे गेला. मागची ओसरी रिकामी होती. मैनाबाई तेवढी चौथ्या खांबापाशी बसून त्याला जवसाचं तेल लावत होती. खांब उभा राहिल्यापासून वरूडचे पाहुणे, सोवळं, दळणकांडण यांत तिला इकडे फिरकायला सवड झाली नव्हती. शुभकार्यात तिला आजही पुढे जागा नव्हती, पण ती घरात होती.

"हत्यारं त्या कोपऱ्यात ठेवली तुमची," ती म्हणाली. "पुसून ठेवली."

"हो."

तो थैली भरू लागला. तिने खांबाचा खालचा भाग चोळून संपवला, आणि उठायला हात वर नेला, न बघता, इतकी वर्षं नेत होती तसा. हात गाठीवर पडला.

मैनाबाई अर्धवट उठलेली तशीच राहिली. खांब फिरला असता तर ती गाठ तिच्या डोक्याच्या वर गेली असती. तिने बोटांनी गाठ चाचपली, एकदा, मग पुन्हा. मग वळून सूर्यभानकडे पाहिलं. तो पटाशीला फडकं गुंडाळत होता. ते गुंडाळून झालं होतं, तरी तो गुंडाळतच होता.

"भाऊ, खांब फिरवला ना तुमी?"

"फिरवला, बाई."

पुढे वाजंत्री सुरू झाली. मेढ उभी राहिली असावी. मैनाबाईने वाटीतलं उरलेलं तेल बोटावर घेतलं आणि गाठीत जिरवलं. मग ती खांबापासून दूर सरकली आणि पदराने ती जागा झाडली.

"बसा इथी," ती म्हणाली. "टेकून बसा. मी पानी आनतो."

सूर्यभानने थैली खाली ठेवली. खांबाकडे पाहिलं.

"तेल लागन आंगरख्याले," तिला मागाहून सुचलं.

"लागू द्या," तो म्हणाला, आणि त्याने पाठ टेकली.