मिस ओडेसाचा नंबर

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची फोनसाखळी आहे. कुणी आजारी पडलं, कुणाचा गोठा जळाला, की पाद्री एकीला फोन करतो, ती दुसरीला, दुसरी तिसरीला. जेवणाच्या वेळेपर्यंत अख्खं गाव त्या एका माणसासाठी देवापुढे धरणं धरून बसलेलं असतं. साखळीत माझ्यानंतर मिस ओडेसा; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात. ती वारली, घर तिच्या भाचीला, कॉरिनला मिळालं, आणि मी आपली बोटांच्या सवयीनं तोच नंबर फिरवला. एका दमात सगळं सांगूनही टाकलं.

"मिस व्हर्लीन, मावशी गेली हो," पलीकडून आवाज आला. "आणि मी देव मानत नाही. पण पुढचा फोन कुणाला करायचा ते सांगा. माझ्यामुळे साखळी कशाला तुटायला हवी?"

तेव्हापासून साखळीतल्या पुढच्या बर्निसला फोन कॉरिनच करते. बर्निसनं मला विचारलं, "ही बाई मध्येच कशी?" मी म्हटलं, निरोप मिळतोय ना तुला? मग गप बस.

गंमत अशी, की आमच्या प्रार्थना जरा जास्तच फळायला लागल्या. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला, तर त्याच्या अंगणातलं गवत आपोआप कापलं गेलं. एका बाळंतिणीच्या दारात रोज सूप यायचं. रविवारी सगळे म्हणायचे, देवाची करणी. मी म्हणत नसे, कारण गवत कापणारी कॉरिन मला रस्त्यावरून दिसली होती. घामाघूम, डोक्यावर ओडेसाची जुनी टोपी.

माझा नवरा हॉइट चर्चचा डीकन, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या आमच्या या डोंगरी गावात ट्रकची किल्ली ट्रकमध्येच असते. पण कॉरिन दिसली की हॉइट किल्ली काढून खिशात टाकायचा.

"ज्याला वरच्याचं भय नाही, त्याला अडवणार कोण?" तो म्हणायचा.

"तुझा खटारा पळवणार आहे ती? तो तुझ्याकडून तरी सुरू होतो का?"

मग हॉइटच्याच किडन्या गेल्या. माझी जुळेना, मुलीला मधुमेह. डायलिसिसवरून आला की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मला धडकी भरायची. साखळी सुरू झाली आणि फिरत फिरत माझ्याच नवऱ्याचा निरोप माझ्याकडे आला. रीत ती रीत. मी पुढचा नंबर फिरवला.

"या वेळी हॉइटसाठी," म्हटलं. "घरात कुणाचीच किडनी जुळत नाही."

कॉरिननं विचारलं, "त्यांचा रक्तगट कोणता?"

तपासण्या झाल्या. जुळलं! मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. आणि हा बाबा म्हणतो, नको.

"आपण चांगलं वागतो ते देवासाठी," हॉइट म्हणाला. "ती कशासाठी देतेय? काही कारण नसताना कुणी पोट फाडून घेतं? उद्या काय मागेल कुणास ठाऊक."

"मरायचं तर खुशाल मर," मी ओरडले, "पण मला विधवा करायला देवाला मध्ये आणू नकोस!"

रविवारी चर्च सुटल्यावर कॉरिन स्वतःच आली. हॉइट व्हरांड्यात बसला होता, मांडीवर बायबल. त्यानं आधी ट्रककडे पाहिलं. ती हसली; किल्लीचं तिला कधीचं ठाऊक होतं.

"कारण सांग," हॉइट म्हणाला. "कारण कळल्याशिवाय मी घेणार नाही."

"सांगते. पण आधी मी विचारते, मिस्टर हॉइट. समजा, उद्या तुम्हाला पक्कं कळलं की वर कुणी नाही. मग काय कराल? मिस व्हर्लीनला टाकून जाल? शेजाऱ्याची गाय हाकून आणाल?"

हॉइट खुर्चीतून अर्धा उठला. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला होता. "तू समजतेस काय मला? मी असलं काही करीन?"

"का नाही करणार?"

"का म्हणजे? ते... ते वाईट आहे म्हणून!"

"झालं तर," कॉरिन म्हणाली. "माझं कारण तेच. माणूस मरतोय, माझ्याकडे एक जास्तीची आहे. न देणं वाईट नाही का?"

हॉइट परत खुर्चीत टेकला. बायबल सावरत तो पुटपुटला, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार, हे सांगून ठेवतो. तू रोखू शकत नाहीस."

"कोण रोखतंय? करा की."

शस्त्रक्रियेच्या दिवशी साखळीतून दोन नावं गेली. त्या दिवशी कॉरिनचा दुवा रिकामा होता, म्हणून बर्निसला मीच फोन केला. ती म्हणाली, "हॉइटसाठी करतेच गं. पण त्या बाईसाठी? ती तर मानत नाही."

"देव तिला मानत असेल," मी म्हटलं आणि फोन आपटला.

दोघंही सुखरूप घरी आले. डॉक्टरांनी ट्रक चालवायची परवानगी दिली, त्याच दिवशी हॉइट सूपचं भांडं घेऊन कॉरिनकडे निघाला. मी नको म्हटलं तरी एकटाच. परत आला तो पायी, धापा टाकत, पण रंगात.

"ट्रक कुठाय?" मी विचारलं.

"तिच्या अंगणात. सुरूच होईना."

"आणि किल्ली?"

हॉइटनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परगावची आहे.

"ट्रकमध्ये. आणखी कुठे असते?"