वाट चुकलेले टाके

भाची पोस्टाच्या खिडकीवर काम करायची. आत्या तीस वर्षं मुलींना भरतकाम शिकवून आता घरी बसली होती. एक टाका वाकडा पडला तरी ती ओळच्या ओळ उसवायला लावायची, म्हणून मुली तिला पाठीमागे उसवबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी स्वयंपाकघरात होत्या. बाहेर कडाक्याची थंडी. वारा आत येऊ नये म्हणून भाचीने खिडकीच्या फटींत जुनी फडकी कोंबली होती. जुन्या गॅस ओव्हनमध्ये तिसरा केक फुगत होता. आत्या शाल पांघरून टेबलाशी बसली होती आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर हिरवी पानं, लाल फळं भरत होती. उद्या पाहुणे यायच्या आत तो पुरा व्हायला हवा होता.

"डोकं ठणकतंय," आत्या म्हणाली. "चष्मा बदलायला झालाय."

भाचीचंही डोकं जड झालं होतं. सकाळपासून उभी आहे, त्याचंच असेल, असं तिला वाटलं. मनुका निवडता निवडता तिची नजर कापडावर गेली. हिरवा दोरा पानाची आखलेली कड ओलांडून चार बोटं पांढऱ्यात भटकला होता.

"आत्या, पानाला पाय फुटले की काय?"

आत्या हसली नाही. "बरोबर आहे," म्हणाली आणि पुढचा टाका आणखी लांब घातला.

भाचीने मनुका बाजूला सारल्या. अर्धांगाचा झटका तर नाही?

"आत्या, दोन्ही हात वर कर बघू."

दोन्ही हात सारखे वर झाले.

"मी कोण?"

आत्या नुसती बघत राहिली.

फोनकडे धावायला भाची वळली आणि तिचेच गुडघे वाकले. ओट्याला धरून ती कशीबशी सावरली. दोघींना एकदम झटका कसा येईल? तेव्हा तिला ओव्हनची ज्योत दिसली. निळी नव्हती, पिवळी, सुस्त हलणारी.

तिने गॅस बंद केला. फडकी ओढली, पण बोटांत जोरच नव्हता. लाटणं काचेवर घातलं. दुसऱ्या फटक्याला काच फुटली. मग आत्याच्या काखेत हात घालून ती तिला ओढू लागली. टेबलक्लॉथही मागोमाग ओढला जाऊ लागला, मनुकांचं भांडं खाली आदळलं. आत्याने तो स्वतःच्या शालीला शिवून टाकला होता. ते बघून भाचीचं उरलंसुरलं अवसान गळालं, तरी तिने हात सोडले नाहीत.

जिन्यात दोघी कोसळल्या. भाची ओरडायला गेली तर आवाज फुटेना. तिने पायातली चप्पल काढून कठड्यावर बडव बडव बडवली, तेव्हा वरच्या मजल्यावर राहणारा बसचालक धावत खाली आला.

"ओव्हनचा धूर बाहेर नेणारा पाइप तुंबला असणार," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गॅस नीट जळला नाही की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो. बाहेर पडलात, म्हणून वाचलात." आत्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिची छाती खालीवर होतेय ना, हे बघत भाची पापणीही न लववता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. पाहुण्यांना नका येऊ म्हणून कळवलं होतं. फुटक्या खिडकीजवळ कोट घालून दोघींनी चहात पाव बुडवून खाल्ला.

"आत्या, आज वार कोणता?"

"तिसऱ्यांदा विचारतेस."

"सांग ना."

आत्याने वार सांगितला. आत्याचं डोकं ठिकाणावर आहे, एवढी खात्री करून भाचीने मान हलवली आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.