बेळ्ळंदूरच्या सिग्नलला

चंदनने कीबोर्डवरून बोटं उचलली आणि काचेपलीकडे न बघताच मान हलवली.

"हे नाही."

"हा एकोणिसावा शेवट होता," मुग्धाचा आवाज हेडफोनमधून आला. "मला सातवा चालला असता. बाराव्याशी तर मी लग्नही केलं असतं."

"बारावा खोटा होता."

"आणि सोमवार खरा आहे, चंदन. सोमवारी मास्टरिंगला द्यायचंय."

चंदनने हेडफोन काढून गळ्यात अडकवला. बेंगळुरूच्या इंदिरानगरातल्या त्या स्टुडिओत खिडकी नव्हती. बाहेर दुपार आहे हे मुग्धाने मागवलेल्या डोशांच्या वासावरून कळत होतं. मुग्धा पुण्याची. अल्बमची सगळी जमवाजमव तिच्याकडे होती आणि गेले तीन आठवडे ती या एका गाण्यापाशी अडून बसली होती.

'मिंचू' ही लहान मुलांची कार्टून मालिका. श्वास रोखून धरला की मिंचूचं अंग उजळतं आणि तेवढ्या एका श्वासापुरती तिला बस उचलता येते, पूल तोलून धरता येतो. मालिकेवरून सुचलेल्या गाण्यांचा एक वेगळा अल्बम काढावा, असं तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं. त्यातलं एकही गाणं मालिकेत नव्हतं. ढोल नाहीत, तुताऱ्या नाहीत. संथ, दबक्या आवाजातली आठ गाणी. मुलांपेक्षा त्यांच्या मोठ्या भावंडांनीच ती उचलून धरली. सगळ्यांत गाजलं ते अल्बमचं शब्द नसलेलं शीर्षकगीत. सूर लांबत लांबत जायचा आणि मधेच, पायरी संपल्यासारखा, अधांतरी थांबायचा. हा अधांतरीपणाच या संगीतकाराची सही आहे, असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. चंदनने तो मजकूर दोनदा वाचला होता.

मालिकेच्या नव्या भागांत मिंचू पहिल्यांदा सगळ्यांसमोर श्वास सोडते. दुसऱ्या अल्बमच्या शेवटी त्याच धुनेचा उरलेला भाग यायचा होता. तसं जाहीरही झालं होतं. फक्त उरलेला भाग कुठे आहे, हे चंदनला माहीत नव्हतं.

"पहिल्या वेळी कसं सुचलं होतं, ते आठव ना," मुग्धा दार उघडून आत आली.

"ते तुला पाठ आहे."

"मलाच काय, अख्ख्या गावाला पाठ आहे. बेळ्ळंदूरचा सिग्नल, पन्नास मिनिटं अडकलेली ऑटो, झोपलेला ड्रायव्हर. प्रोमोत तेच घेतोय. सोमवारी सकाळी शूट. ऑटो ठरवलीये. बेळ्ळंदूरला ट्रॅफिक तरी भाड्याने आणावा लागत नाही, तेवढं एक बरं."

चंदन हसला. ती हकिगत खोटी नव्हती. धून त्याच्या ओठांवर पहिल्यांदा आली ती त्या ऑटोतच. पण इतक्या मुलाखतींत सांगून झाल्यावर त्यात ड्रायव्हरचा निळा स्वेटर आला, आरशाला लटकवलेलं लिंबू आलं. आता त्यातलं पाहिलेलं किती आणि सांगताना आलेलं किती, ते त्याला वेगळं करता येत नव्हतं.

"तुझी भाची गुणगुणते ना ते गाणं?" मुग्धाने डोशाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "रविवारी जा तिच्याकडे. रेकॉर्ड करून आण. लहान मुलं कुठंही थांबतात, कुठूनही उचलतात. सुचेल काहीतरी."

*

यशवंतपूरच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर अक्काचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. चंदनने बेल वाजवली तेव्हा उल्काअक्काने कोपराने कडी काढली. तिचे दोन्ही हात ओले होते.

"आलास? ये. चप्पल आत घे. खालचं कुत्रं नेतंय."

अक्का त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. जवळच्या कपड्यांच्या कारखान्यात ती चेकर होती. दिवसभर ट्यूबलाइटखाली शर्ट धरून सुटलेला टाका शोधायचा. माणसाकडेही ती तशीच बघायची, आधी खांदा, मग गळा, मग चेहरा.

"वाळलायस."

"काम आहे, अक्का."

"काम सगळ्यांनाच आहे."

ती पुन्हा जमिनीवर बसली. पुढ्यात परातभर भिजवलेले अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे दाणे. जानेवारीत बेंगळुरूच्या घराघरांत हाच उद्योग चालतो. दाणा चिमटीत दाबायचा की साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते. गॅसवर भाताचा कुकर होता. दाजी गावाला गेले होते.

नऊ वर्षांची सिद्धी आतून धावत आली. तोंडावर मिंचूचा पिवळा मुखवटा.

"मामा, मी बत्तीस सेकंद धरते. मोज."

"आधी गाणं म्हण. हे बघ, मशीन आणलंय." चंदनने छोटा रेकॉर्डर कॉटवर ठेवला. लाल दिवा लागला.

"आधी मोज."

"सिद्धी, श्वास कोंडायचा न्हाई म्हटलंय ना," अक्का मान वर न करता म्हणाली. "थंडी आहे."

सिद्धीने तोवर गाल फुगवले होते. चंदन बोटांवर मोजत होता. चोविसाव्या आकड्याला तिला ठसका लागला. तो थांबेना. मुखवटा काढला तेव्हा ओठ कोरडे पडलेले आणि छातीतून बारीक शिट्टी येत होती. चंदन उठून उभा राहिला. काय करायचं ते त्याला कळेना.

"स्वल्प सरक," अक्का म्हणाली.

तिने पदराला हात पुसले, फळीवरचा दम्याचा पंप काढला, नळी लावली आणि सिद्धीच्या तोंडाशी धरली. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा. मग लेकीला पुढे वाकवून मांडीशी घेतलं, ओला तळवा तिच्या पाठीवर ठेवला आणि गुणगुणायला लागली.

चंदनने ओळखलं आणि त्याला बरं वाटलं. त्याचंच गाणं. अक्काने त्याच्या गाण्याबद्दल आजवर एक शब्द काढला नव्हता, ऐकलं की नाही हेही कधी सांगितलं नव्हतं. आणि आता घाबऱ्या मुलीसाठी तिच्या तोंडी तेच आलं होतं.

फक्त ती फार सावकाश म्हणत होती. प्रत्येक ओळीचा शेवट ओढत होती, आणि त्या ओढीबरोबर सिद्धीचा श्वास बाहेर पडत होता. ओळ संपली की तळवा पाठीवरून खाली यायचा. पुढची ओळ थोडी लांब. श्वासही थोडा लांब. चंदन धुनेतल्या त्या लांबत जाणाऱ्या सुरांबद्दल एकदा एका महाविद्यालयात तासभर बोलला होता. ते असे का लांबतात, ते त्याला आत्ता दिसत होतं.

मग ती अधांतरी जागा आली. अक्का तिथे थांबली नाही.

सूर खाली वळला. झोपलेल्या माणसाच्या उशापासून उठून पाय न वाजवता जावं तसा चार पावलं गेला, एकदा मागे वळला आणि सुरुवात झाली होती तिथे येऊन टेकला. सिद्धीचे डोळे मिटत आले होते. छातीतली शिट्टी पातळ झाली होती. अक्काने तो खालचा भाग पुन्हा एकदा म्हटला, आणखी हळू. मग मुलीला उचलून आतल्या खोलीत निजवून आली आणि परातीपाशी बसली.

कॉटवर लाल दिवा चालू होता.

"अक्का, ते पुढचं कुठलं?"

"कसलं पुढचं?"

"आत्ता म्हटलंस ते. गाणं संपल्यावर."

"संपल्यावर कुठं? तिथंच तर संपतंय." तिने चिमटीतली डाळ वाडग्यात सोडली. "तू काय ऐकणार ते. तोवर तुला झोप लागलेली असायची."

कुकरची शिट्टी झाली. चंदन खाली बसला.

निपाणीची एकच खोली त्याला आठवत होती. आई विड्या वळायची, कोपऱ्यात तंबाखूचं सूप असायचं आणि जिभेवर सतत एक कडू धूळ. लहानपणी आपल्याला दमा होता, सहाव्या-सातव्या वर्षी गेला, हे त्याला ऐकून माहीत होतं. पाठीवरचा एक हात आठवत होता. त्या हाताला आवाज असल्याचं आठवत नव्हतं.

"तुला कुणी शिकवलं होतं?"

"कोण शिकवणार? आई कामात. तू असा माशासारखा तोंड उघडून बसायचास. मी बारा वर्षांची. गप म्हटलं तर गप होईनास, मग असंच काहीतरी. ओळ लांबवली की तू पण श्वास लांबवायचास. म्हणून लांबवत गेले."

"मला खरंच माहीत नव्हतं."

दोन दाणे सोलून झाले.

"तू बोलली का नाहीस, अक्का? तीन वर्षं?"

"पहिल्यांदा फॅक्टरीत ऐकलं. एका पोरीच्या मोबाइलवर लागलेलं. हातात शर्ट तसाच राहिला. वाटलं, आज फोन करशील. अक्का, ऐकलंस का, म्हणशील." ती परातीतल्या पाण्यात बघत होती. "मग तुझी मुलाखत बघितली. ऑटोत सुचलं म्हणालास. निळा स्वेटर का काय. सरी, असू दे म्हटलं. मोठा झालाय, विडीवाल्या घरातलं कशाला सांगेल."

"तसं नव्हतं."

"नसेल."

त्याने कॉटवरचा रेकॉर्डर उचलला. सात मिनिटं चाळीस सेकंद. बटण दाबून थांबवला.

"हा भाग मला हवाय," तो म्हणाला. "सोमवारी द्यायचाय. तुझं नाव घालतो. मोठ्या अक्षरात. उल्का…"

"कशावर घालतोस?"

"या शेवटावर. नव्या अल्बममध्ये."

"आणि आधीच्यावर?"

गल्लीतून कांद्याचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला. चंदनने रेकॉर्डर या हातातून त्या हातात घेतला. आधीच्या अल्बमवर एकच नाव होतं. त्या नावावर त्याला पुढची तीन कामं मिळाली होती. पुरस्कार घेताना त्याने बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकचे आभार मानले होते आणि सभागृह हसलं होतं.

"नाव नको मला," अक्का म्हणाली. "नाव घेऊन कुठं जाणार मी, टाके बघायला? पण शेपटाला माझं नाव आणि धडाला तुझं, असलं नको करूस. फॅक्टरीत तसला शर्ट मी परत पाठवते."

ती एकामागून एक दाणे सोलत राहिली. चंदनने रेकॉर्डर परातीशेजारी, तिच्या हाताला लागेल असा ठेवला. तिने त्याला हात लावला नाही. बाजूलाही सारला नाही.

मग त्याने खिशातून फोन काढला. मुग्धाने पहिल्याच रिंगला उचलला. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"बोल! सापडला शेवट?"

"सापडला."

"देवा. ऐकव ना. थांब, आधी एक सांग, मी फोन करणारच होते. उद्याच्या त्या ऑटोत आरशाला लिंबू लावायचं ना? आर्टवाला विचारतोय, मिरच्याही होत्या का."

चंदनने अक्काकडे पाहिलं. ती खाली बघत होती. दाणा तिच्या चिमटीत तसाच होता, दाबायचा राहिलेला.

"मुग्धा, ते ऑटोत सुचलेलं नाही."

"म्हणजे? कॅबमध्ये?"

"कॅबमध्येही नाही."

"मग?"

कुकर पुन्हा शिट्टीला आला होता, वाफ फुसफुसत होती. चंदनने श्वास घेतला.

अक्का उठली आणि जाऊन गॅस बारीक करून आली.