मांडवाबाहेरचं अत्तर

"पाणी आहे हे, नुसतं पाणी!" बाबूभाईंनी हिनाची कुपी बायकोच्या, खैरुनच्या, नाकाखाली धरली. "फसवलं मले त्या व्यापाऱ्यानं."

खैरुननं वास घेतला आणि डोळे मिटले. "अजी, चांगला त घमघमून राह्यला."

मग बाबूभाईंनी खस हुंगला, मोगरा हुंगला, केवडा हुंगला. सगळ्या कुप्या मुक्या. मिसरूड फुटल्यापासून गोंडपिपरीच्या बाजारात अत्तराची पेटी मांडणारा हा माणूस. दोष आपल्या नाकाचा असेल हे त्याला सुचणार कसं? अंगणात मोहफुलं टपटपत होती. या दिवसांत सारं गाव त्या वासानं सुस्तावतं. बाबूभाईंना मात्र ती फुलं नुसती दिसत होती, झोपेत काही दिसावं तशी. आत वरण करपलं, खैरुन ओरडत धावली, तरी ते कुप्याच हलवत बसले. तेव्हा मुलीच्या, सायमाच्या, मनात पाल चुकचुकली.

ती मेडिकलमधून कोरोनाचं किट घेऊन आली. नाकात काडी फिरवली, थेंब टाकले, आणि तिघं त्या पट्टीकडे बघत बसली. एकच रेघ उमटली.

"निगेटिव्ह, अब्बा!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण दुसऱ्या दिवशी नानाजींच्या लेकीचं, पूनमचं, लग्न होतं. पोंभुर्ण्याकडचे नानाजी बाजारात मिरची विकायचे, अगदी अत्तराच्या पेटीला लागून. एका बाजूला गिऱ्हाईक शिंकायचं, दुसऱ्या बाजूला खुलायचं. भांडता भांडता दोघं जिवलग झाले. पूनम जन्मली तेव्हाच ठरलं होतं, हिच्या लग्नात मांडवाच्या दारी अत्तर लावायचं ते बाबूभाईंनी. पण कोरोनानं नानाजींची छाती पोखरून ठेवली होती. अजूनही चार पावलं चालले की ते धाप लागून थांबत. आणखी एक तडाखा त्यांना सोसणारा नव्हता.

गल्लीतली आशा सेविका बायनाबाई दारातूनच म्हणाली, "दोन रेघा आल्या का बीमारी पक्की समजा. पन एकच आली म्हून सुटलो, असं नाई. सुरुवातीले कधी कधी नाई दिसत. परवा अजून एक करा, भाऊ. तोवर घरीच राहा."

"परवा? लग्न त उद्या आहे, बाई!"

बायनाबाई पुढच्या घराकडे वळली.

फोनवर नानाजी हसले. "एकच रेघ आली ना? मंग ये ना गा. काऊन भेवून राह्यला?"

"येतो," बाबूभाई म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी लग्नाचं अत्तर मिसळलं. हिना, त्यात खस, वर मोगऱ्याचा जरासा हात. नाक साथ देईना, म्हणून बोटांच्या आठवणीवर थेंब सोडले. अत्तर लावायचं म्हणजे एकेकाचा हात हातात घ्यायचा, वाकायचं, दोन शब्द बोलायचे. पहिला हात नानाजींचा. उद्या काही झालं असतं तरी कोणी बोल लावला नसता. किटची साक्ष होती. त्याच विचारानं बाबूभाईंनी सायमाकडे मास्क मागितला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या चाचणीत खरोखरच दुसरी रेघ उमटली, फिकट, पण उमटली. लग्नाच्या सकाळी मात्र त्यांच्याजवळ तिचा आधार नव्हता. मास्क लावून ते मोपेडवर एकटेच निघाले. मांडवासमोरच्या शेतापलीकडे, बांधावरच्या मोहाखाली थांबले. अत्तराची पिशवी बांधावर दूर ठेवून त्यांनी फोन लावला.

"नानाजी, मी इथूनच लग्न पाहतो गा. अत्तर बांधावर ठेवलं आहे."

"अरे, तू त निगेटिव्ह आहे ना?"

"किट म्हणते, बीमारी नाई. नाक म्हणते, आहे. तुह्या छातीवर जुगार नाई खेळत मी."

पलीकडून नानाजींची धाप ऐकू आली. "पोरगी वाट पाहून राह्यली तुही."

"तूच लाव तिच्या हाताले."

कोणीतरी पिशवी घेऊन गेलं. उन्हाच्या झळांमधून मांडव पाण्यात पडल्यासारखा हलत होता. नानाजींनी लेकीचा हात हातात घेतला, तो फार अलगद. पूनमनं हात नाकाशी नेला, मग मोहाच्या झाडाकडे वळून वाकून नमस्कार केला. बाबूभाईंचे डोळे भरून आले.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "कसं जमलं गा? अंदाजानं मिसळलं. मले काईच वास येऊन नाई राह्यला."

"एक नंबर..." म्हणता म्हणता नानाजी थांबले. "खरं सांगू? मलेबी नाई येत. दवाखान्यातून आलो तवापासून."

"अन् दर बाजारी वाहवा करत होता, ते?"

"तू लावत होता ना, म्हून."

बाबूभाईंना हसू आलं. बोटाला लागून राहिलेलं अत्तर त्यांनी मनगटावर चोळलं आणि मास्क खाली करून हात नाकाशी धरला. पलीकडे मांडवाच्या दारात नानाजींनीही हात नाकाशी नेला. बांधावर मोहफुलं पडत होती. बँड सुरू झाला, वऱ्हाडी आत गेले, तरी दोघांनी हात खाली घेतले नाहीत.