भुकेल्यांचा फ्रिज

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. दार गंजलंय, पण गारवा अजून शाबूत आहे. त्या गारव्याचं काय झालं, ते ऐका.

अकोल्यात एका डॉक्टरांकडे मी कित्येक वर्षं दूध-दही सांभाळलं. त्यांच्याकडे नवा फ्रिज आला, तेव्हा बसस्टँडजवळच्या भोजनालयाचे मालक देवीदासभाऊ मला घेऊन गेले. त्यांनी मला बाहेरच्या छपरीत उभं केलं, दारावर 'भुकेल्यांसाठी' असं रंगवलं, हार घातला, फोटो काढले. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू!

भांडी घासणारी माणिकबाई दुपारी उरलेलं वरण-भात, पोळ्या डब्यांत भरून माझ्यात ठेवी. संध्याकाळी गोदाबाई येई. फुटपाथवर लिंबं विकणारी एकटी म्हातारी. तिच्या पोटाला दिवसभरात तेवढाच आधार.

मग उन्हाळा लागला. अकोल्याचा उन्हाळा काय सांगावा! छपरीत प्लग एकच. ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांना उकडू नये म्हणून भाऊंनी माझी वायर काढली अन् कूलरची लावली.

"भाऊ, फ्रिज बंद हाय. अन्न नासून राहिलं," माणिकबाई म्हणाली.

"फुकट खाणाऱ्याले काय बर्फ पाह्यजे? डबे भर तू. उद्या समाजसेवेचे पुरस्कारवाले पाह्याले येऊन राहिले, फ्रिज भरलेला दिसला पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने डबा उघडला, तर वरणावर फेस. गोदाबाईच्या हाती लागू नये म्हणून तिने सगळे डबे भराभर बादलीत उपडे केले. नेमके तेव्हाच पुरस्कारवाले पाहुणे दारात आले.

"काय हो बाई, एवढं अन्न फेकता?" एकाने विचारलं.

भाऊ लगेच गरजले, "अन्नाची नासाडी करणारी बाई माह्या हाटेलात नको! उद्यापासून येऊ नोको तू."

"मंग काय म्हातारीले मारू?" माणिकबाई ओरडली.

तिचं कोण ऐकतो! भाऊंच्या तत्त्वनिष्ठेसाठी टाळ्या वाजल्या. मेल्यांनो, त्या बादलीचा एकदा वास तरी घ्यायचा! मला साधं गुरगुरताही आलं नाही. वीजच नव्हती.

आता मी आत, गल्ल्याशेजारी असतो. प्लग लागलाय, पोटात विकायच्या सरबताच्या बाटल्या, डोक्यावर भाऊंचा पुरस्कार. दारावरची अक्षरं तशीच आहेत. परवा गोदाबाईने सवयीने दार उघडलं.

"ओ बुढे, बाटली घ्याची हाय काय?" भाऊ खेकसले.

तिने दार लावलं. गारवा जाऊ नये म्हणून नीट दाबून लावलं अन् उपाशीच गेली.

मित्रांनो, असा फ्रिज कुठं दिसला तर फोटो नंतर काढा. आधी आत हात घालून पाहा.