शेवटच्या बाकापर्यंत

"आतली पोकळी एवढीशीच कोर ना, मावशी. केसभर रुंद झाली की पुरे." हार्टमुटने क्लॅरिनेटचा वरचा भाग गेरलिंडेच्या पुढ्यात ठेवला. "सोमवारी परीक्षा आहे."

परीक्षा म्हणजे शहरातल्या मोठ्या ऑर्केस्ट्रातली, पहिल्या क्लॅरिनेटच्या जागेची. पडद्याआड उभं राहून वाजवायचं, पलीकडच्यांनी नुसतं ऐकायचं. अशी जागा रिकामी व्हायला कुणाला तरी म्हातारं व्हावं लागतं, आणि हार्टमुट स्वतःच चाळिशीला टेकला होता.

"का बरं रुंद करायची?" गेरलिंडेने विचारलं. क्लॅरिनेट तिच्याच हातचं होतं. जर्मनीतल्या त्यांच्या गावात, मार्कनॉयकिर्शनमध्ये, घरोघरी वाद्यं होतात. तिच्या घरात आजोबांपासून क्लॅरिनेट.

"आवाज लहान येतो. तालमीत माझ्या शेजारी बसणारा ग्योट्स रुंद पोकळीचं वाजवतो, तर खोली भरून जाते. माझा सूर घशात अडकल्यासारखा. ही आतून आकसलीय, माप घेऊन बघ."

तिने मापाची सळई आत सरकवली. सळई खरंच आधीच अडली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"तालमीतून थेट आलास ना?"

"हो. मग?"

"मग लाकूड तुझी वाफ पिऊन फुगलंय. ओल्या लाकडाच्या मापावर कोरलं, तर वाळल्यावर तुझ्या हातात पाण्याचा पाइप येईल. आणि कोरलेलं लाकूड मला परत चिकटवता येत नाही, राजा." तिने तो भाग पुसून फळीवर आडवा ठेवला. "उद्या सकाळी चर्चमध्ये ये."

त्या घराची रीतच तशी होती. चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून ऐकल्याशिवाय एकही वाद्य दाराबाहेर जायचं नाही. गेरलिंडेचे वडील म्हणायचे, पाद्रीबाबा सांगतात ते तिथे बसलेल्या म्हातारीला कळलं, तरच ते प्रवचन. सुराचंही तसंच.

सकाळी वाळलेल्या नळीत सळई अडली नाही. चर्चमध्ये गेरलिंडेने खिशातून एक जोड काढला. माउथपीसच्या खाली बसणारा हा फुगीर तुकडा. तिथले लोक त्याला नासपतीच म्हणतात. हा रुंद पोकळीचा होता. तो लावून हार्टमुटने चार सूर काढले आणि त्याचा चेहरा उजळला. "हा! हा माझा आवाज!"

"तुझ्या कानाला. जा, मागे बस. मी वाजवते."

"तू?"

"दातांचा भरवसा नाही, पण एक स्तोत्र निघेल."

हार्टमुट शेवटच्या बाकावर बसला. रुंद जोडातून सूर गुबगुबीत निघाला, पण अर्ध्या वाटेवरच सांडलेल्या दुधासारखा पसरला. मग तिने त्याचा नेहमीचा अरुंद जोड लावला. सूर बारीक, पण एकेक त्याच्यापर्यंत अख्खा चालत आला.

"दुसरं बरं," मेणबत्त्यांचे स्टँड पुसणाऱ्या ओर्टेलबाई न विचारताच बोलल्या. "पहिल्यात शब्द कळत नव्हते."

हार्टमुट हसला. "मावशी, तुझं खरं आहे. पण माझंही खोटं नाही. लांब सुरात माझा श्वास कोंडतो. तो माझ्यापाशीच कोंडला, तर शेवटच्या बाकापर्यंत काय पोहोचणार?"

उत्तर गेरलिंडेच्या ओठांवर आलं होतं. पण नेहमीच्या जोडावर वाजवताना त्याचे खांदे कानांपर्यंत चढतात, हे तिने कितीदा पाहिलं होतं. श्वास देवाने दिलेला. आपण फक्त त्याची वाट करून देतो. ही वाट याला अडवत होती, एवढं स्पष्ट होतं.

"चल," ती म्हणाली.

घरी येऊन वर्षानुवर्षं वाळलेला लाकडाचा एक तुकडा तिने लेथवर चढवला. क्लॅरिनेटच्या नळीला हातही लावला नाही. नव्या जोडाची पोकळी वर मोकळी ठेवली आणि खाली हळूहळू निमुळती करत आणली. वर श्वासाला जागा, खाली सुराला बांध.

"ही तर फ्रेंचांची युक्ती!" हार्टमुट ओरडला. "तू तर वडिलांसारखी सरळ पोकळीवाली ना?"

"फ्रेंचही श्वासच घेतात. माझ्या वडिलांना कबरीपाशी जाऊन सांगू नकोस म्हणजे झालं."

दुपारी चर्चमध्ये त्याने तेच स्तोत्र वाजवलं. गेरलिंडे शेवटच्या बाकावर होती. त्याचे खांदे खाली होते. लांब सूर आला, थांबला, तिच्या मांडीवर येऊन बसल्यासारखा वाटला. ओर्टेलबाईंचं फडकं हवेतच राहिलं. गेरलिंडेने हात जोडले, आणि तिला सोमवारची काळजी उरली नाही.

सोमवारी ती बटाटे सोलत असताना फोन वाजला.

"मावशी! पडद्यापलीकडून म्हणाले, 'तो संथ भाग पुन्हा वाजवाल?' पुन्हा वाजवला. जागा मिळाली!"

"मिळणारच होती. पुसलंस का?"

"काय?"

"क्लॅरिनेट, रे! आधी आतून पुस. आणि निदान आज तरी माप घेऊ नकोस."